एक कॉलेज, चार विद्यापीठं आणि मामांची फाइल

शुक्रवार, रात्र

सोलापूरला जायचं म्हणलं की ऑफिसातले लोक पहिलं विचारतात, "चादर आणणार का?" दुसरं विचारतात, "पंढरपूरला जाणार का?" ह्यावेळी मी सांगून टाकलं की कॉलेज बघायला चाललोय, तर समोरचा माझ्या पांढऱ्या केसांकडं बघत राहिला.

झालं असं की दिवाळीत मामांनी माळ्यावरची ट्रंक उघडली आणि त्यात एक फाइल सापडली. जुनी, कापडी नाडीची. आत घरातल्या चार जणांची डिग्री सर्टिफिकेटं. आजोबांचं १९४६ चं, मुंबई विद्यापीठ. आजोबांच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे आमच्या आत्याआजीचं १९६० चं, पुणे विद्यापीठ. मामांचं १९७२ चं, शिवाजी विद्यापीठ. आणि मामेबहिणीचं २००९ चं, सोलापूर विद्यापीठ. चार माणसं, चार विद्यापीठं, आणि शिकले सगळे एकाच कंपाउंडात, सोलापूरच्या दयानंद कॉलेजला. मामांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी वाटलं की काहीतरी गफलत आहे, मग जरा डोकं चालवलं आणि लक्षात आलं की गफलत काही नाही, कॉलेज जागचं हललंच नाही, विद्यापीठच डोक्यावरून सरकत गेलं. मुंबई, मग पुणे, मग कोल्हापूर आणि शेवटी घरी.

तर पुण्याहून संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. दौंड गेलं, भिगवण गेलं, कुर्डुवाडीला चहा घेतला. कुर्डुवाडी म्हणलं की मला बार्शी लाइट रेल्वे आठवते, अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी, एकीकडं लातूर आणि दुसरीकडं पंढरपूरवरून मिरजेपर्यंत जायची. आता ब्रॉडगेज झालंय सगळं. ह्या गाडीचा विषय पुढं येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

रात्री दहाच्या पुढं सोलापूर. स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, "कुठं जाऊलालाव?" आणि ते ऐकलं की मला आलो असं वाटतं. पुण्यात हे "लालाव" कुणी बोललं तर लोक हसतात, इथं कुणी बोललं नाही तर हसतात.

शनिवार

सकाळी मामींनी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही दिलं. कडक भाकरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगतो, ती पापडासारखी मोडायची असते, चुरून दह्यात टाकायची असते, आणि चावताना दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळं मामा काय सांगत होते त्यातलं निम्मं मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मग फाइल निघाली. आजोबांचं सर्टिफिकेट चार घड्यांवर फाटत आलंय, मागून कुणीतरी ट्रेसिंग पेपर चिकटवलाय, खळीनं, त्या खळीला कसर लागली आणि एका कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडलीत. मामांचं मात्र लॅमिनेशन केलेलं. बहिणीचं तर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, एकदाही उलगडलं नसावं असं.

आजोबा मूळचे तुळजापूर तालुक्यातले. आज तुळजापूर म्हणजे सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटर, तासाभरात देवीचं दर्शन घेऊन लोक जेवायला घरी येतात. पण तेव्हा तुळजापूर निजामात आणि सोलापूर इंग्रजात, मधे सरहद्द, करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका, जाताना पिशवी उघडून दाखवायची. नाणंसुद्धा वेगळं! निजामाचा हाली रुपया, इंग्रजांचा कलदार, सात हाली दिले की साधारण सहा कलदार हातात यायचे. आजोबांची फी कलदारात, घरून पैसे यायचे हालीत, त्यामुळं पणजोबा दर टर्मला म्हणायचे म्हणे की पोरगं शिकायच्या आधीच सातातला एक रुपया सरहद्दीवर ठेवून येतं. आणि निजामात शिकायचं तर हैदराबादचं उस्मानिया, तिथं शिकवायचं माध्यम उर्दू. मग मराठी पोरानं जायचं कुठं? तर सोलापूरला, नवीनच कॉलेज निघालं होतं तिथं.

हे कॉलेज निघालं कसं ते मला ह्यावेळी नीट कळलं, आणि खरं सांगतो, लहानपणापासून त्या रस्त्यानं शंभर वेळा गेलो असेन पण कधी प्रश्नच पडला नाही की लाहोरच्या संस्थेनं सोलापुरात कॉलेज का काढावं. ती संस्था डीएव्ही, म्हणजे दयानंद अँग्लो वेदिक. स्वामी दयानंद १८८३ ला गेले, त्यांच्या नावानं आर्य समाजाच्या लोकांनी १८८६ ला लाहोरला शाळा काढली, लाला हंसराज तिथं पंचवीस वर्षं बिनपगारी राबले. पंजाबात त्यांचं जाळं पसरलं. पण सोलापूर? तर त्याचं उत्तर परत निजामच. हैदराबाद संस्थानात आर्य समाजावर बंधनं होती, त्याविरुद्ध सत्याग्रह करायचं ठरलं आणि डिसेंबर १९३८ ला त्याची मोठी परिषद भरली ती सोलापुरात, अध्यक्ष लोकनायक बापूजी अणे. सोलापूर का, तर सरहद्दीला चिकटलेलं, रेल्वेवरचं, आणि इंग्रजी मुलुखातलं, निजामाचे पोलिस इथं येऊन धरू शकत नव्हते. सत्याग्रहींची छावणीच पडली गावात. देशभरातून जथ्थे यायचे, सोलापुरात मुक्काम, मग पुढं गाडीनं गुलबर्ग्याकडं जाऊन अटक करून घ्यायची. पहिले सर्वाधिकारी महात्मा नारायण स्वामी. ऑगस्ट १९३९ ला सत्याग्रह मिटला आणि १९४० ला सोलापुरात दयानंद कॉलेज सुरू झालं. गावातली जुनी माणसं ह्या दोन गोष्टी एका दमात सांगतात, मधे श्वास घेत नाहीत.

दुपारी आम्ही गेलो बघायला. रविवार पेठेत. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मी म्हणलं, "मामा, इंटरव्ह्यू आहे का?" तर म्हणाले, "गप्प बस, कॉलेजला चाललोय."

गेटवरच्या माणसानं विचारलं काम काय, मामांनी सांगितलं, "काम काही नाही. मी इथं शिकलो, माझे वडील शिकले, आत्या शिकली, पोरगी शिकली." तो माणूस एक क्षण थांबला आणि म्हणाला, "मग फी माफ पाहिजे होती की तुम्हाला." आणि सोडलं. नातू कुठंय तेवढं मात्र विचारलं!

आत एकच कॉलेज नाही, बरीच आहेत. कला आणि विज्ञान, त्याच्या नावाला लागलेलं डीबीएफ म्हणजे दमाणी भैरुरतन फतेचंद. वाणिज्य ते वेलणकर कॉलेज, बहीण तिथली बीकॉम. शिवाय लॉ आणि बीएड. म्हणजे पाटीवर एकीकडं लाहोरहून आलेलं नाव, शेजारी सोलापूरच्या व्यापारी घराचं नाव, त्याच्या शेजारी मराठी आडनाव. सोलापूर हे असंच आहे, घरात कन्नड, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी आणि कोर्टात मराठी.

मामा एका कडुनिंबाखाली उभे राहिले, बोट करून सांगायला लागले की इथं सायकली लागायच्या, तिथं आमची प्रॅक्टिकलं व्हायची. आता तिथं स्कूटींची रांग. एक पोरगी स्कूटीच्या आरशात बघून केस बांधत होती, दोन पोरं एकाच मोबाईलवर मान घालून बसलेली, हायड्रोजन सल्फाइडचा तो अंड्याचा वास मात्र कुठूनतरी आलाच, मामा एकदम थांबले आणि म्हणाले, "किप्स अपॅरेटस." पन्नास वर्षांनी माणसाला वासावरून यंत्राचं नाव आठवतं, आणि मला काल खाल्लेलं आठवत नाही.

मामांच्या सांगण्यात अजून एक गोष्ट सारखी येत होती, ती म्हणजे भोंगा. सोलापूर तेव्हा गिरणीचं गाव, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. घड्याळ प्रत्येकाकडं नव्हतं, मिलच्या भोंग्यावर पोरं तासाला पळायची. बरेच जण मिल कामगारांचे पोरं, काही जण स्वतःच कुठंतरी नोकरी करून शिकणारे. सुशीलकुमार शिंदे ह्याच कॉलेजचे, ते तर सोलापूरच्या कोर्टात बेलीफ होते. पुढं मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री. मामा हे असं सांगतात जणू काही शिंदे त्यांच्याच बाकावर बसायचे, खरं तर मामांनी अॅडमिशन घेतली तोवर ते केव्हाच बाहेर पडले होते.

परत येताना मी विचारलं की १९४७ ला काय झालं असेल इथं? कारण बघा, संस्था लाहोरची, आणि एका रात्रीत लाहोर परदेश झालं. इथं सोलापुरात कडुनिंबाखाली पोरं परीक्षेचा अभ्यास करतायत आणि ज्यांच्या नावानं कॉलेज चालतं त्यांचं हेड ऑफिसच सीमेपलीकडं राहिलं. फाळणीनंतर संस्थेनं इकडं भारतात नव्यानं बस्तान बसवलं, कॉलेज चालूच राहिलं. आणि त्याच सुमाराला आमचं घरही उठलं. रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीकडची कितीतरी कुटुंबं सोलापूर-बार्शीला आली, त्यात पणजोबा पण सगळं बिऱ्हाड घेऊन आले. म्हणून आत्याआजी सोलापुरात वाढली, आणि म्हणूनच ती शिकली. तुळजापूरच्या वाड्यात राहिली असती तर तिचं सर्टिफिकेट फाइलीत नसतं, लग्नपत्रिका असती.

रविवार

आज सगळं बंद, त्यामुळं सकाळी सकाळी हुरडा. विजापूर रोडला ओळखीच्यांचं शेत आहे, गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजून, हातावर चोळून, गूळ, शेंगा चटणी, दही. पुण्याजवळ हुरडा पार्टीला माणशी इतके रुपये घेतात आणि वर बैलगाडीत फोटो काढतात. इथं कुणी फोटो काढत नव्हतं कारण सगळ्यांचे हात काळे होते.

दुपारी मामा झोपले आणि मी एकटाच गावात हिंडलो. सात रस्त्याला संगमेश्वर कॉलेज, १९५३ चं, कर्मयोगी अप्पासाहेब काडादींनी उभं केलेलं. अशोक चौकाकडं वालचंद, तिथलं इंजिनिअरिंग १९८३ चं. शेठ वालचंद हिराचंद सोलापूरचेच, जहाजं, विमानं, मोटारी सगळं केलं त्या माणसानं. हे बघत फिरताना डोक्यात येत होतं की ह्या गावात सरकारनं कॉलेज काढायची वाट कुणी बघितलीच नाही. आर्य समाजानं काढलं, लिंगायत समाजातल्या कर्त्या माणसांनी काढलं, जैन पाठशाळेनं काढलं, मुस्लिम समाजाच्या सोसायटीचं आहे. प्रत्येकानं आपापली जागा, आपापला पैसा घातला, आणि डिग्री मात्र दुसऱ्या गावाहून यायची. आता गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यात खाजगी विद्यापीठं निघाली, जागा पण त्यांची आणि डिग्रीवरचा शिक्का पण त्यांचाच. तेव्हा तसं नव्हतं. इमारत इथं, शिक्का तिकडं.

फलटण गल्लीत जैन संस्कृती संरक्षक संघ आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशींनी आपली संपत्ती त्यात घातली आणि १९४० च्या दशकात जीवराज जैन ग्रंथमाला सुरू झाली, डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन असे संपादक, प्राकृत-संस्कृत ग्रंथ अशा दर्जाचे काढले की बाहेरच्या देशातले अभ्यासक मागवायचे. गावात विद्यापीठ नव्हतं तेव्हाची गोष्ट ही.

संध्याकाळी होम मैदानावर गड्ड्याची, म्हणजे यात्रेतल्या जत्रेची, तयारी चाललेली. पाळण्यांचे सांगाडे उभे होत होते, अजून खुर्च्या लावल्या नव्हत्या त्यामुळं मोठ्या चाकांचे हाडांचे सापळे दिसत होते. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज निघतील, पांढऱ्या बाराबंदीतले लोक रस्ताभर. ह्या वर्षी पण नेमका आठवडाभर आधी आलोय मी. दरवर्षी हेच होतं. तळ्यात देऊळ, शेजारी भुईकोट किल्ला, पाण्यावर दिवे पडलेले, बसलो जरा वेळ. परतताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हात जोडले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात गाव लोकांच्या ताब्यात आलं, मग मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी. ज्या गाडीनं आलो तिचं नाव ह्यांच्यावरूनच.

रात्री जेवताना मामांनी कोल्हापूरची गोष्ट काढली. मी ऐकली होती पण तुकड्यातुकड्यात.

१८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ झालं, राष्ट्रपती राधाकृष्णन आले होते उद्घाटनाला, आणि सोलापूर जिल्हा पुण्याकडून कोल्हापूरकडं गेला. पुणे विद्यापीठ तर १९४९ चं, म्हणजे जेमतेम तेरा-चौदा वर्षं सोलापूर तिकडं होतं. त्याच्या आधी मुंबई, तिचा पसारा तर काय, आजोबांच्या वेळी कराचीपासून धारवाडपर्यंतची कॉलेजं मुंबईलाच जोडलेली. तर मामांनी बीएस्सीच्या शेवटच्या परीक्षेच्या फॉर्मवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्तीचा लिहिला. स्वतःच्या हातानं. सर्टिफिकेट आलं तसंच, फॉर्मबरहुकूम. नोकरीसाठी मॅट्रिकचं आणि डिग्रीचं नाव जुळायला पाहिजे, झालं, निघाले कोल्हापूरला.

"तेव्हा कोल्हापूर म्हणजे काय आत्तासारखं नव्हतं," मामा म्हणाले. पहिल्या खेपेला एसटीनं, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत, जवळजवळ अडीचशे किलोमीटर, पोचल्यावर कळलं ॲफिडेव्हिट लागतं, ते ह्यांनी नेलंच नव्हतं. परत. दुसऱ्या खेपेला गेले तो नेमका दुसरा शनिवार! तिसऱ्या खेपेला हौस म्हणून कुर्डुवाडीहून त्या छोट्या रेल्वेनं निघाले, मिरजेपर्यंत. गाडी इतकी हळू की पोरं उतरून बोरं तोडायची आणि पळत येऊन परत चढायची, असं मामा सांगतात, आणि मामी म्हणतात, "ह्यांनीच तोडली असतील." बोरं धरा किंवा सोडा, पण नाव दुरुस्त झालं.

"एका 'ए'साठी तीन खेपा," मी म्हणलं.

"तिसऱ्या खेपेला अंबाबाईचं दर्शन झालं की," मामा म्हणाले.

सोमवार

आज चौथं विद्यापीठ. पुणे रोडला, केगावला, गावापासून आठ-दहा किलोमीटर. मी परत जाणारच होतो त्या दिशेनं, बॅग घेऊनच निघालो. मामा पण आले, फाइल काखेत. कशाला घेतली विचारलं तर म्हणाले, "असू दे."

आधी इथं शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं, त्याचंच १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ झालं. पहिले कुलगुरू डॉ. इरेश स्वामी. कार्यक्षेत्र किती, तर फक्त सोलापूर जिल्हा. एका जिल्ह्याचं विद्यापीठ! तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक हसले होते ह्यावर, मी पण हसलो असेन, खोटं कशाला बोलू. पण कराचीपासून धारवाडपर्यंत पसरलेलं विद्यापीठ आणि करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचं विद्यापीठ ह्यातलं कुठलं बरं, हे ज्यानं एका अक्षरासाठी मिरजेवरून वाऱ्या केल्यात त्याला विचारावं. २०१९ ला नाव बदललं, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. म्हणजे आमच्या बहिणीच्या सर्टिफिकेटवरचं नाव पण आता जुनं झालं. पाचवं कुणी शिकलं तर पाचवं नाव लागणार, कॉलेज तेच.

कॅम्पस उघडा, मोठा, वारा भणाभणा. हिवाळ्यात बरं वाटतं, एप्रिलमध्ये काय होत असेल ते सोलापूरकरांना सांगायला नको. परीक्षा विभागाकडं पोरांची ये-जा चालू होती. एक मुलगा, बार्शीकडचा असावा, मार्कशीटमधल्या नावाची दुरुस्ती करायला आला होता, तोंड पाडून उभा, म्हणाला सकाळी सातला निघालो, आत्ता अकरा वाजले, अजून तासभर लागेल म्हणे. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला वाटलं आता सगळी गोष्ट सुरू होणार, 'ए', ॲफिडेव्हिट, दुसरा शनिवार. पण मामांनी एवढंच विचारलं, "जेवलास का?" आणि पिशवीतली कडक भाकरी काढून दिली. पोरगं खायला लागलं, आणि ती कडक भाकरी, त्यामुळं पुढचं बोलणं झालंच नाही.

हायवेला आलो. पुण्याची बस यायला वेळ होता, रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. मामांनी चटणीचे दोन पुडे माझ्या बॅगेत कोंबले, मग तिसरा, बॅगेची चेन लागेना म्हणून सगळं काढून परत भरलं, त्यात बस आली, गडबड, कंडक्टर ओरडतोय, चढलो. मामा हात हलवत मागं राहिले.

टेंभुर्णीला बस थांबली, पाण्याची बाटली काढायला बॅग उघडली तर चटणीच्या पुड्यांखाली कापडी नाडी. फाइल. तेल अजून झिरपलं नव्हतं, नशीब. तिथनंच फोन लावला.

"मामा, फाइल माझ्याकडं आली."

"बघ बरं, आजोबांचं दुमडलं नाही ना?"

"नाही. कुरिअर करू का?"

"कुरिअर नको," मामा म्हणाले. "मी येतो की घ्यायला. कोल्हापूरला तीनदा गेलोय त्याच्यासाठी, पुणं काय लांब आहे."